छातीत काहीही आढळले नाही

माझ्या छातीत पहिल्यांदा जळजळ झाली ती पोखर्णीहून परभणीला परत येताना, स्कूटरवर. आणि तिचं मूळ माझ्या तोंडात होतं हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. तोंड म्हणजे खाण्याचं नव्हे, बोलण्याचं.

आमच्या दिपालीचं पोखर्णीच्या माणिकरावांच्या सुरजशी जमत आलं होतं. सुरज वीज कंपनीत इंजिनिअर. मुला-मुलीची पसंती झालेली होती. ती त्यांनी आपापसात वर्षभर आधीच उरकली असावी असा मला दाट संशय आहे, पण बापाला असल्या गोष्टी सगळ्यात शेवटी कळतात आणि त्याने तेव्हाही पहिल्यांदाच कळल्यासारखं दाखवायचं असतं. राहिलं होतं ते मोठ्या माणसांचं बोलणं. त्यासाठी मी आणि माझी बायको दैवशाला एका शनिवारी पोखर्णीला गेलो.

माणिकराव म्हणजे सहा फूट उंची, त्याला शोभेलशा मिशा आणि खळ्यावरून हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबेल असा आवाज. बोलणं दहा मिनिटांत आटोपलं. जेवण दीड तास चाललं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, बेसन, आणि पितळी वाटीत हिरवागार ठेचा. तव्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ, एवढंच. वाटी समोर ठेवतानाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाव्हणं, ठेचा जरा बेतानं," माणिकराव म्हणाले. "आमच्या घरचा लय कडक असतंय. तुमी परभणीत ऱ्हायलेली माणसं."

आता यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं. पण मी एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं वरिष्ठांचं ऐकून घेतलेला माणूस आहे. त्यामुळे बाहेर कुणी साधं बोललं तरी मला ते टोचतं.

"आम्ही मूळचे झरीचे," मी म्हणालो. "तिखट तिखट म्हणतात ते काय असतं, आम्हाला अजून कळलेलं नाही."

आणि मी ठेचा तीनदा मागून घेतला. मी घेतला की माणिकरावही घेत. तिसऱ्या खेपेला त्यांचेही डोळे लाल झाले होते, पण मला वाटलं, लेकाच्या लग्नाच्या विचाराने माणूस हळवा झाला असेल. साखरपुडा तीन आठवड्यांनी पोखर्णीतच करायचं ठरलं. निघताना माणिकरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमच्यासारखा खाणारा पाव्हणा भेटला, लय बरं वाटलं. साखरपुड्याला आपण दोघं मांडीला मांडी लावून बसू. ठेचा मी सोता उभा ऱ्हाऊन कुटून घेतो."

गाव मागे पडलं तसं बेंबीच्या वर काहीतरी पेटलं. मग ते छातीत आलं, मग गळ्यात. मी स्कूटर बाभळीखाली उभी केली आणि हात छातीवर ठेवून क्षितिजाकडे बघत राहिलो.

"काय झालं?" दैवशालाने विचारलं.

"काही नाही. लेक परक्या घरी जाणार म्हणून भरून आलं."

"भरून आलं का वर आलं?" ती म्हणाली.

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. खोटं बोलणारी तीन वर्षांची मुलं तिने हजारांनी हाताळली आहेत.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी जळजळ कायम. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक फोन कानाला आणि दुसरा मांडीवर ठेवून मला तपासलं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली, जेवणानंतर घ्यायचं गुलाबी औषध दिलं आणि चहा, मिरची, तळलेलं, शेंगदाणे, उशिराचं जेवण हे सगळं बंद केलं. "आणि मुख्य म्हणजे टेन्शन घेऊ नका," असं ते एका फोनमध्ये म्हणाले. ते मला होतं की फोनमधल्या माणसाला, हे अजून समजलेलं नाही.

गुलाबी औषधाची चव खडू पुदिन्यात वाटल्यासारखी होती. पण दोन चमचे घेतले की अर्धा तास स्वर्ग. म्हणून मी एक छोटी बाटली खिशात बाळगू लागलो आणि दैवशालाला बजावलं, की झरीच्या माणसाला ठेचा बाधला ही बातमी या घराबाहेर जाता कामा नये. तिने ती फक्त शेजारच्या नर्मदाबाईंना सांगितली, आणि कुणाला सांगू नका हेही सांगितलं.

दैवशालाचा मात्र त्या गुलाबी औषधावर विश्वास नव्हता. तिने मला वीरुपाक्षआप्पांकडे नेलं. आप्पा म्हणजे आमच्या भागातले जुने वैद्य. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मागे बरण्यांची भिंत, आणि बोलणं इतकं सावकाश की निम्मा आजार वाक्य संपायची वाट बघण्यातच ओसरावा. त्यांनी माझी नाडी धरली आणि डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मी दैवशालाकडे बघून भुवया उंचावल्या.

"राग लवकर येतंय का ह्यांला?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"बाहेर न्हाई येत," दैवशाला म्हणाली. "घरात येतो."

"जेवताना बोलतात का?"

"जेवताना, जेवायच्या आधी अन् जेवल्यावर."

आप्पांनी अविपत्तिकर चूर्णाच्या पुड्या बांधल्या, मोरावळ्याची बरणी दिली, धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं. मग म्हणाले, "गुण येईल. पर तोंडाचं परेज पाळावं लागतंय."

"खाण्याचं की बोलण्याचं?" मी जरा खोचकपणे विचारलं.

"तुमाला जे जास्त अवघड जातंय, ते."

घरी आल्यावर मी डॉक्टरांची यादी आणि आप्पांची यादी शेजारी ठेवून अभ्यास केला. डॉक्टरांनी वर्ज्य केलेलं आप्पांनी केलंच होतं. शिवाय दही, हिंग, शिळं, आंबवलेलं आणि रागावणं यांची भर घातली होती. दोन्ही शास्त्रांच्या कात्रीतून सुटून जे माझ्या ताटात उरलं ते असं: मुगाचं वरण, पडवळ आणि साळीच्या लाह्या. लाह्यांचा डबा घेऊन मी कार्यालयात जाऊ लागलो. जेवणाच्या सुट्टीत सगळे भजी खात असताना मी लाह्या खाई. त्या कुरकुर वाजत. लेखा विभागातल्या लोकांनी मला विचारलं, पोरगी द्यायलाय का संन्यास घ्यायलाय?

आता विटांचं सांगतो. इथून पुढचं सगळं विटांमुळे घडलं.

नर्मदाबाईंचे यजमान किशनराव गुरुजी हे निवृत्त मुख्याध्यापक. बायकोकडून बातमी कळताच ते एक जाडजूड वही घेऊन आले. वहीवर सुवाच्य अक्षरात 'आम्लपित्त' असं लिहिलं होतं, खाली शाळेचं नाव लिहितात तिथे स्वतःचं नाव होतं. त्यांनी हा विषय पंधरा वर्षं सांभाळला होता.

"औषधं दुय्यम," गुरुजी म्हणाले. "मुख्य गोष्ट उतार. पोटातलं पाणी वर का येतं? कारण तुम्ही आडवे सपाट झोपता. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा द्या. पाणी खाली राहील. तालुक्याला धरणं बांधणाऱ्यांना जे कळतं ते माणसाला स्वतःच्या पोटाबद्दल कळत नाही."

मी त्या दिवशी कार्यालयात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. छातीत जळजळ होतेय, दुपारून येत नाही, एवढंच बोललो. फोन घेणारा सहकारी म्हणाला, काळजी घ्या. मला त्याचं कौतुक वाटलं.

दुपारी गुरुजी आणि मी मिळून पलंग उचलला आणि विटा लावल्या. शिसवी पलंग, माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला. लावून झाल्यावर पलंगाला चांगलाच उतार आला. मी म्हणालो, जरा जास्त वाटतोय. गुरुजींना ही शंका आवडली नाही. मुख्याध्यापकाला शंका आवडत नाहीत. "प्रात्यक्षिक दाखवतो," असं म्हणून ते चप्पल काढून पलंगावर आडवे झाले.

पहिली पाच सेकंदं काही झालं नाही. मग चादर हळूहळू सरकू लागली आणि चादरीबरोबर गुरुजीही. ते सरळ, हात अंगालगत ठेवून, अत्यंत शिस्तीत खाली जात राहिले. थांबायचं म्हणून त्यांनी टाच दाबली, त्या झटक्याने पलंग मागे सरकला, डावा पाय विटांवरून सुटला आणि शिसवाची ती वास्तू माझ्या देखत एका कुशीवर कोसळली. मी ती धरायला गेलो आणि फरशीवर बसलो. त्या धक्क्याने सकाळचा मोरावळा गळ्याशी आला, म्हणून मी दोन्ही हात छातीवर दाबून धरले. नेमक्या त्या क्षणी आवाज ऐकून नर्मदाबाई दारात आल्या.

त्यांनी काय पाहिलं ते न्यायाने बघितलं पाहिजे. मोडका पलंग, विखुरलेल्या विटा, जमिनीवर आडवा नवरा, आणि छाती धरून पांढराफटक बसलेला शेजारी. नवरा उठून चष्मा शोधू लागल्यावर त्यांच्यापुरता तो प्रश्न मिटला. राहिलो मी. त्यांनी अंगणवाडीत फोन लावला. "दैवशाला, तू आधी खाली बस," अशी त्यांनी सुरुवात केली. दैवशालाने मला नंतर सांगितलं, की त्या एका वाक्यात तिचं कुंकू पुसून परत लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो तर माझ्या खुर्चीवर हार नव्हता, एवढंच. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. नोंदवहीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'छातीत दुखू लागल्याने गैरहजर.' साहेबांनी आत बोलावलं.

"भागवतराव," ते म्हणाले, "तुमच्या जिवापेक्षा कुठलीही फाईल मोठी नाही."

सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मला खरंच भरून आलं.

"म्हणून फिटनेस सर्टिफिकेट आणल्याशिवाय मी तुम्हाला खुर्चीत बसू देणार नाही," ते पुढे म्हणाले. "उद्या तुम्ही इथं बसल्या जागी गेलात तर खुलासा मला द्यावा लागेल."

मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कोणत्या आजारातून बरे झालात?"

"आजारच नव्हता."

"मग बरे कसे झालात?"

"बरा झालो नाही. बराच होतो."

"ॲडमिट होता ते कार्ड दाखवा."

"ॲडमिट नव्हतो."

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, की फिट व्हायचं असेल तर आधी अनफिट असल्याचा कागद लागतो. तो नसेल तर माणूस कशातून फिट झाला हे लिहिता येत नाही. मी तीन दिवस त्या व्हरांड्यात काढले. डबा होताच, लाह्या खात बसे. तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरांना माझी दया आली. त्यांनी छातीला तो थंड लगदा लावून यंत्र चिकटवलं, वाकड्यातिकड्या रेघांची पट्टी बघितली, आणि कागदावर लिहून दिलं: 'सदर इसमाच्या छातीत काहीही आढळले नाही.' खाली गोल शिक्का.

कार्यालयात शिक्का बघून कागद स्वीकारला गेला. मजकूर कुणी वाचला नसावा. घरी मात्र दैवशालाने तो मोठ्याने वाचला.

"सत्तावीस वर्षांपासून मी हेच म्हणायलेय," ती म्हणाली. आणि किती तरी दिवसांनी दिपाली खदखदून हसली. माझी विटंबना झाली, पण पोरीचं हसणं ऐकून मी ती खपवून घेतली.

वास्तविक प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी माझे सासरे रायभानमामा चुडाव्याहून टेम्पोने आले. सोबत एक शेळी होती. मामांकडे दीडशे मेंढरं आणि वीस-पंचवीस शेळ्या आहेत. जगातला कुठलाही आजार त्यापैकी एखादीच्या दुधाने बरा होतो असं त्यांचं मत आहे.

"जावईबापू, शेळीचं दूध थंड असतंय," ते म्हणाले. "हिचं नाव हरणी. हिला घरी ठिवा. सकाळ-संध्याकाळ ताजं घ्या. लय गरीब हाय."

गरीब हरणीला आम्ही मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ बांधलं. पहिल्या अर्ध्या तासात तिने माझा लाह्यांचा आठवड्याचा साठा संपवला, म्हणजे माझ्या आहाराचा तिसरा हिस्सा. शिवाय मी ढेकर दिला की ती मागून उत्तर द्यायची. घरात पाहुणे बसलेले असत. माझ्या छातीची बातमी ऐकून रोज पाच-सहा जण बघायला येत होते, आणि आमचा हा संवाद त्यांच्यादेखत चाले.

मामांना वाटलं, नव्या सोयऱ्यांना कळवणं आपलं कर्तव्य आहे. त्यांनी दिपालीकडून नंबर लावून घेतला आणि अंगणात उभं राहून माणिकरावांशी बोलले. मी खिडकीतून ऐकलं.

"काळजीचं काय बी न्हाई. मशीन लावून बघितलं. डाक्टर म्हनतेत, छातीत कायच घावलं न्हाई. आता शेळीच्या दुधावर ठिवलंय. मानसं बघायला यायलेत, बसायलेत, जायलेत. तुमी बिनघोर ऱ्हावा."

इतका धीर दिल्यावर कोण बिनघोर राहील? अर्ध्या तासात माणिकरावांचा फोन आला, उद्या आम्ही दोघं यायलाव.

दिपाली माझ्यापाशी येऊन बसली. "पप्पा, ते तारीख पुढं ढकलतील. सुरज म्हणाला, त्याच्या घरात तसं बोलणं चाललंय. तुमच्या तब्येतीला धावपळ नको म्हणून."

"मी ठणठणीत आहे."

"मग सांगून टाका ना, नुसती ॲसिडिटी आहे म्हणून. त्यात काय लाजायचं?"

सांगणं सोपं होतं. पण मग कशामुळे झाली, कुठे झाली, हे आलं. ज्या घरी पोरगी द्यायची त्याच घरच्या पहिल्या जेवणाने बाप आडवा पडला, असं आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. शिवाय मी परभणीचा ठरलो असतो. मी दैवशालाला म्हणालो, "उद्या सगळा तिखट स्वयंपाक कर. ठेचा पण. मी त्यांच्यासमोर जेवून दाखवणार."

"अन् नंतर?"

"नंतरचं नंतर."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास माणिकराव आणि त्यांच्या पत्नी गीताबाई आले. मी दारात ताठ उभा होतो. सकाळपासून गोळी, चूर्ण, धने-जिऱ्याचं पाणी, हरणीचं दूध आणि शेवटी गुलाबी औषधाचे तीन चमचे अशी पूर्ण तटबंदी केलेली होती. माणिकरावांनी मला खालून वर पाहिलं.

"तब्येत खुशाल दिसायलीय की."

"मला काय धाड भरलीय? लोकांना उद्योग नाही. चला, आधी जेवून घेऊ."

ते क्षणभर दारातच थांबले. "आत्ताच? चहा-बिहा घेऊन..."

"चहा नंतर. ठेचा गरम आहे."

ताटं मांडली. मी भाकरी मोडली, ठेच्याचा मोठा गोळा उचलला आणि तोंडात टाकला. हसलोही. माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग ठेच्याकडे, आणि रणांगणात उतरणाऱ्या माणसासारखा श्वास घेऊन तितकाच गोळा उचलला. बायका वाढत होत्या, आम्ही एकमेकांची तारीफ करत होतो. दुसऱ्या भाकरीला माझ्या कपाळावरून घाम ओघळू लागला. माणिकरावांच्या मिशीवर थेंब जमले होते. तिसरी भाकरी कुणीच मागितली नाही. माणिकराव एकदम उठले, "फोन आलाय," म्हणाले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नव्हतं, पण मला तेव्हा दुसरंच सुचत होतं. मी हात धुतला, शेळीला पाणी दाखवून येतो असं सांगितलं आणि खिशातली बाटली चाचपत मागे गेलो.

टाकीच्या आडोशाला, हरणीच्या शेजारी, माणिकराव पाठमोरे उभे होते. मान मागे टाकलेली, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात बाटली. ती घटाघटा रिकामी होत होती. त्यांनी तोंड पुसलं, वळले, आणि मी दिसलो. मिशीच्या डाव्या टोकाला गुलाबी रेघ होती.

आम्ही दोघांनीही हरणीकडे पाहिलं.

"लागला का फोन?" मी विचारलं.

"रेंज न्हाई इथं."

मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. त्यातही तीच बाटली होती. त्याच रंगाची, त्याच मापाची.

"तुमी कुणाला लावायलाव?" ते म्हणाले.

मला हसू आलं. ते दाबायला गेलो तर ढेकर आला, आणि हरणीने लगेच उत्तर दिलं. त्यावर माणिकराव असे हसत सुटले की त्यांना टाकीच्या ओट्यावर बसावं लागलं. मीही शेजारी बसलो आणि माझ्या बाटलीतला अर्धा भाग त्यांना देऊ केला.

"सहा वर्सं झाली," ते डोळे पुसत म्हणाले. "मिरची बघितली तरी पोटात आग पडती. त्या दिवशी तुमाला बेतानं घ्या म्हनलो ते ह्याच्यासाठी, की तुमी कमी घेतला तर मला बी कमी घेता यील. तर तुमी झरीचे निघालात."

"तुम्ही घेत होता म्हणून मी घेतला."

"अन् तुमी घेत होता म्हनून मी. तिसऱ्यांदा मागितला तवा मला वाटलं, हा मानूस माझा जीव घिऊनच उठनार. तुमी गेलाव अन् सुरजनं मला दवाखान्यात नेलं. मशीन लावली."

"छातीत काय निघालं?"

"कायच न्हाई."

आम्ही मग सविस्तर बोललो. विटांचं मी सांगितलं. त्यांनी सांगितलं की ते उशाला ज्वारीचं अर्धं पोतं घेतात, पण कूस बदलली की खळखळ वाजतं आणि गीताबाई उठून बसतात. मोरावळा त्यांनाही लागू पडला होता, लाह्या मात्र त्यांना माहीत नव्हत्या. मी वीरुपाक्षआप्पांचा पत्ता दिला. व्याह्यांशी इतकं मोकळं बोलता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आवाज ऐकून दोघी बायका बाहेर आल्या. माणिकरावांनी बाटली पाठीमागे नेली.

"लपवू नका," गीताबाई शांतपणे म्हणाल्या. "सहा वर्सांपासून घरात सगळ्याला ठाव हाय. फकस्त ह्यांलाच वाटतंय की कुनाला ठाव न्हाई."

तारीख पुढे ढकलण्याचं कारण उरलं नाही. पण एक अडचण होती, आणि तिचं नाव मारोतीतात्या. तात्या म्हणजे माणिकरावांचे चुलते, वय शहाऐंशी, पंगतीत पहिल्या जागेवर बसणारे. घरचा ठेचा त्यांच्या वडलांच्या हातचा म्हणून पंचक्रोशीत नाव. जो पाहुणा ठेचा टाळतो त्याच्याशी तात्या दुसऱ्यांदा बोलत नाहीत, असं माणिकराव म्हणाले. "तात्या हायत तवर ठेचा नको म्हनायची घरात कुनाची टाप न्हाई. अन् सगळी भावकी आपल्या दोघांच्या ताटाकडं बघत बसनार."

यावर उपाय गीताबाईंनी काढला. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की काम होऊन जातं. दोडक्याच्या शिरा काढायच्या, तव्यावर परतायच्या, तीळ-मीठ घालून खरबरीत वाटायच्या. मिरची औषधाला सुद्धा नाही. रंग हिरवागार, दिसायला थेट ठेचा. दोन वाट्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्या स्वतःच वाढणार.

साखरपुडा अगदी थाटात झाला. मांडवात दोनशे माणूस होतं. दिपालीने आंब्याच्या रंगाची साडी नेसली होती, आणि अंगठी घालताना सुरजच्या हातून ती दोनदा अशी निसटली की विजेच्या तारांचं काम हा मुलगा कसं करतो याची मला काळजी वाटली. गुरुजी, नर्मदाबाई, रायभानमामा सगळे आले होते. गुरुजींनी मांडवाच्या उताराबद्दल दोन सूचना केल्या.

मग पंगत बसली. मधे तात्या, त्यांच्या एका हाताला माणिकराव, दुसऱ्या हाताला मी. गीताबाईंनी ठरल्याप्रमाणे आमच्या ताटांत आमचा ठेचा वाढला आणि तात्यांच्या ताटात तात्यांचा. आम्ही जेवायला सुरुवात केली. खरं सांगतो, खोट्या ठेच्याची चव फार छान होती. मी एक घास घेतला, दोन घेतले, मग चमच्याने खाऊ लागलो. माणिकराव तर भाकरीशिवायच खात होते. पंगत घास थांबवून बघत राहिली. समोरून कुणीतरी म्हणालं, "इवाई जबर भेटलाय माणिकरावाला." व्याह्याचं हे कौतुक ऐकून माझी छाती फुगली. तीच छाती, जिच्यात काही आढळलं नव्हतं.

तेवढ्यात तात्यांचा सुरकुतलेला हात हळूच माझ्या ताटात आला. भाकरीच्या तुकड्यावर त्यांनी माझ्या वाटीतला ठेचा उचलला. मी माणिकरावांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. पलीकडे उभ्या असलेल्या दिपालीने सुरजचा शर्ट धरला.

तात्यांनी तुकडा तोंडात टाकला. त्यांना दात थोडे, त्यामुळे चावायला वेळ लागला. चावता चावता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे पाहिलं. गिळलं. पाणी प्यायले. मग आपल्या ताटातल्या ठेच्याचा गोळा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि ताटाच्या कडेला बाजूला ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले.

गीताबाई पदर सावरत पुढे आल्या.

"ह्या दोघांला जे वाढलंय ते मला बी वाढ. अन् आजपासनं रोज वाढ. चौदा वर्सं झाली वाट बघायलो, कुनीतरी आधी नको म्हनंल म्हनून."

मग समोरच्या ओळीतल्या एका जाड्या पाहुण्यांनी हळूच बोट वर केलं. त्यांच्या शेजारच्यांनी केलं. त्यापलीकडे तिघांनी. रायभानमामांनीही केलं, ज्यांना आयुष्यात कधी पित्त झालेलं नाही. गीताबाई आत गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. ते भलंमोठं होतं. दोन माणसांसाठी इतकं का केलं होतं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माणिकराव अर्ध्या जेवणातून उठले, पातेल्याची एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी धरली, आणि आम्ही दोघं व्याही उष्ट्या हातांनी पंगतीत वाढत निघालो.